विदर्भातल्या खेड्यातून आलेले विद्यार्थी फेलोशिपवर नेमकं कशावर संशोधन करतात? मला सगळे शेतकरी आत्महत्यांवरच विषय घ्यायला सांगतात.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की अर्थशास्त्रात एमए झालंय, जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप) मिळाली आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी कोरडवाहू वावर, आणि विद्यापीठात संशोधनाचा आराखडा लवकरच द्यायचाय. तर आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. आपली मुलं कशावरही संशोधन करतात आणि तुम्हीही कशावरही करू शकता. खेड्यातला विद्यार्थी असेल तर त्याने खेड्याच्या दुःखावरच लिहावं, अशी अट जेआरएफच्या कुठल्याच नियमात नाही. ती अट आपल्या आजूबाजूची माणसं घालतात, आणि बरेचदा प्रेमानेच घालतात.

मी अकोला जिल्ह्यातली, खारपाणपट्ट्यातली. भूगोलात फेलोशिपवरच पीएचडी केली, आता तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे, ते पिकाला देत राहिलं की काळी माती चोपण होते आणि मग पावसाचं पाणीही तिच्यात मुरत नाही, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण याच पट्ट्यात काही विहिरी गोड निघतात. कोणत्या विहिरी गोड, कशामुळे गोड, आणि त्या कुणाच्या वस्तीला लागून, एवढाच माझा प्रश्न होता. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्याच त्या विहिरींचं पाणी मोजायचं, जुने नाले नकाशावर मांडायचे, आणि मग म्हाताऱ्या बायांना विचारायचं की नळ येण्याआधी पिण्याचं पाणी कोण, कुठून आणि कुणाला विचारून भरायचं. प्रश्न लहान होता, पण त्याच्या उत्तरात माती, पाऊस, जात आणि बाईच्या डोक्यावरचा पाण्याचा गुंड असं सगळं आलं.

अमरावतीत आम्ही काही जणी खोली करून राहायचो. कुणीच एका विषयाची नव्हती, आणि माझं अर्धं शिक्षण त्या खोलीत झालं असं मी मनापासून मानते. एक जण जीवरसायनशास्त्रातली होती, तिचं काम सिकलसेलवर होतं. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि तिच्या स्वतःच्या नात्यात तो होता. दुसरी इतिहासाची. रिद्धपूर आणि आसपासच्या महानुभाव मठांतल्या पोथ्या वाचायच्या म्हणून ती आधी सांकेतिक लिपी शिकली. तिच्या घरी कुणालाच पटत नव्हतं की पोथ्या वाचायलाही सरकार पैसे देतं.

तिसरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्या कामात आहे. ती मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली, घरची भाषा कोरकू. भाषाशास्त्राच्या दृष्टीने कोरकू फार वेगळी भाषा आहे. ती मुंडा गटातली, म्हणजे तिकडे झारखंडातल्या संथाळी, मुंडारीची बहीण, आणि त्या गटातली सगळ्यात पश्चिमेकडची. शेजारी मराठी, हिंदी, गोंडी, आणि यांपैकी एकीशीही तिचं कुळ जुळत नाही. खाली बुलढाणा जिल्ह्यात जामोदच्या बाजूला निहाली बोलतात, तिचं तर जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही. एवढा ऐवज आपल्या दोन जिल्ह्यांत आहे. मैत्रिणीचा प्रश्न होता की एकाच घरातल्या तीन पिढ्या कोरकू कधी बोलतात आणि कोणत्या क्षणी मराठी-हिंदीकडे वळतात. बाहेरचा अभ्यासक असता तर त्याने प्रश्नावली काढली असती, "घरी कोणती भाषा बोलता?" आणि लोकांनी त्याला बरं वाटेल ते उत्तर दिलं असतं. ती मात्र चुलीजवळ बसायची. आजी नातीला रागावताना कोरकू बोलते आणि औषधाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगताना हिंदीवर जाते, हे तिला नुसतं ऐकून कळायचं. कारण ती भाषा तिच्या कानात जन्मापासून होती.

आपल्या गावाचा संशोधनात काही उपयोग असेल तर तो असा असतो. गावाने आपल्याला विषयच दिला पाहिजे असं नाही. पण दुसऱ्याला ऐकू न येणारं काहीतरी आपल्याला ऐकू येतं, आणि ते तपासून बघायला फेलोशिप वेळ देते.

आता आत्महत्यांचा विषय. तो घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण तो ज्या पद्धतीने घेतला जातो, ती बघून मला वाईट वाटतं. तीन तालुके, काहीशे कुटुंबं, छापील प्रश्नावली, टक्केवारीच्या सारण्या, आणि शेवटी निष्कर्ष की कर्जबाजारीपणा, नापिकी आणि व्यसन ही कारणं आढळली, सबब सिंचन वाढवावे. हे सगळं तुमच्या गावच्या पारावर कुणीही फेलोशिपशिवाय सांगेल. आणि ज्या बाईचा नवरा गेलाय तिने हेच आधी पत्रकारांना सांगितलंय, संस्थांना सांगितलंय, तुमच्या आधी आलेल्या विद्यार्थ्यांना सांगितलंय. तिच्या दारात पुन्हा जायचं असेल तर आपल्याकडे नवीन प्रश्न पाहिजे.

आणि नवीन प्रश्न आहेत. शासनाची एक लाखाची मदत मिळण्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं. त्यासाठी जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, हे बघतात. मग मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याचं वावर करणाऱ्याचं काय? सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, म्हणून पीककर्जासाठी त्याला बँक उभं करत नाही, म्हणून तो सावकाराकडे किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर जातो, आणि शेवटी त्याच कारणाने त्याचं प्रकरण अपात्र होण्याची पाळी येते. मक्त्याचा व्यवहार तोंडी का राहतो, तो कागदावर आला तर जमीनमालकाला कशाची भीती वाटते, मक्त्याचे पैसे पेरणीआधी द्यायचे की पीक निघाल्यावर, आणि या एका फरकाने जोखीम कुणाच्या डोक्यावर जाते, हा शुद्ध अर्थशास्त्राचा विषय आहे. एका महसूल मंडळातली गावं घेऊन तुम्ही तो नीट करू शकता. तुम्हाला मक्ता म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज नाही, आणि मालक व मक्त्याने करणारा दोघंही तुमच्याशी मोकळं बोलतील.

किंवा फवारणी घ्या. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्याच वर्षी बोंडअळीने बीटी कपाशी खाल्ली होती, म्हणजे बियाण्यातलं संरक्षण त्या अळीवर चालेनासं झालं होतं. कीटकशास्त्राचा विद्यार्थी अळी का मरत नाही ते शोधेल. वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी रक्त तपासेल. तुम्ही विचारू शकता की फवारणीची मजुरी दिवसावर ठरते की किती पंप फवारले त्यावर, आणि ती ज्या प्रकारे ठरते त्याने मजूर किती घाई करतो. एकाच वावरात तीन शाखांची तीन माणसं उभी राहू शकतात आणि कुणाचं काम दुसऱ्याच्या आड येत नाही.

पूर्व विदर्भाकडे बघितलं तर तिथे अजून वेगळे प्रश्न आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, त्यांवर जलशास्त्र आहे, ढिवर समाजाच्या मासेमारीचं समाजशास्त्र आहे, कोहळी समाजाने ते तलाव कसे बांधले याचा इतिहास आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेचे निर्णय कसे होतात हा राज्यशास्त्राचा मोठा विषय आहे, आणि त्या गावात गावकऱ्यांचे स्वतःचे अभ्यासगट चालत आले आहेत. पश्चिमेकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं विवर आहे, उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेलं, त्यामुळे भूशास्त्रज्ञ जगभरातून येतात. २०२० च्या जूनमध्ये तिथल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवं काम मिळालं.

दादाजी खोब्रागडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चंद्रपूर जिल्ह्यातले शेतकरी, नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८० च्या दशकात त्यांना आपल्या बांधीत पटेल-३ धानाच्या काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड करत गेले, आणि त्यातून एचएमटी नावाचं धानाचं वाण उभं राहिलं. त्यांना कुणी फेलोशिप दिली नव्हती. मला त्यांची आठवण येते ती यासाठी की वेगळी लोंबी दिसणं ही संशोधनाची सुरुवात असते. आपल्याला तर वाचनालय, प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि महिन्याचे पैसे, सगळं मिळतं. तरी आपण शेजारच्याच्या प्रबंधाचं शीर्षक घेऊन तालुका बदलायचा, हे मला पटत नाही.

आणि गावाशी अजिबात संबंध नसलेला विषय घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या. पंजाबराव देशमुख पापळचे, शेतकऱ्याचे पोर. ऑक्सफर्डला त्यांनी डॉक्टरेट केली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगम आणि विकासावर. पुढे तेच देशाचे कृषिमंत्री झाले, अमरावतीला शिक्षणसंस्था उभी केली. वेदांचा अभ्यास केला म्हणून त्यांची शेतीशी नाळ तुटली नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथे १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला आणि पीएचडीचा प्रबंध लिहिला ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. दोन्ही विषय त्यांचेच होते. तुम्ही अर्थशास्त्राचे आहात, तुम्हाला चलनवाढीचं गणित किंवा व्यापाराचा सिद्धांत आवडत असेल, तर यवतमाळचे आहात म्हणून तो सोडू नका.

पैशाचं थोडक्यात. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये आहेत, पहिल्या दोन वर्षांनंतर कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाली की ४२,०००, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं आणि आकस्मिक खर्च. जे वाचणारे नेटमध्ये थोडक्यात राहिलेत, त्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या वेगवेगळ्या समाजघटकांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या संस्थांपैकी आपल्याला लागू होणाऱ्या संस्थेच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. महाज्योतीचं कार्यालय तर नागपूरलाच आहे. जातवैधता, नॉन-क्रिमीलेयर, बँक खात्याला आधार जोडलेलं, हे कागद आजच तयार ठेवा. फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येईल असं धरून चालू नका. ती अनेकदा रखडते आणि मग थकबाकीसकट एकदम येते. माझीही रखडली होती, आणि त्या काळात खोलीचं भाडं आम्ही आळीपाळीने भरलं. पैसे एकदम आले की घरचे लग्नाचं, बोअरवेलचं बोलू लागतात. पुढच्या काही महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढा. हे आईवडिलांशी पहिल्याच महिन्यात स्पष्ट बोललेलं बरं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, आणि मुलींना बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही रजा मागायला कुणी संकोचू नये. त्याच नियमांत प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा आहे का ते बघा, पण पैसे भरले की आठ दिवसांत लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. फेलोशिपचा पैसा आणि तुमचं नाव, दोन्ही त्यात वाया जातं.

आराखडा देण्याआधी शोधगंगेवर जा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. मनातलं शीर्षक मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाकून शोधा आणि त्या विषयावरच्या किमान दोन-तीन प्रबंधांचे निष्कर्ष पूर्ण वाचा. ते वाचताना जिथे तुमच्या तोंडून "असं नसतं हो आमच्याकडे" निघेल, ती जागा लिहून ठेवा. आराखडा तिथून सुरू करता येतो. आपल्याकडे अर्थशास्त्राचे मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत, तेव्हा इंग्रजी कच्चं आहे म्हणून विचार आखूड करू नका.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या हाताखाली आधी काम केलेल्यांना भेटा आणि एकच विचारा, लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळायचं?

मक्त्याचा विषय तुम्हाला पटला, किंवा दुसराच काही डोक्यात असेल, तर खाली प्रतिक्रियेत चार ओळींत लिहा. कोणत्या मंडळातली गावं घेणार आणि पहिल्या माणसाला कोणता प्रश्न विचारणार, तेवढं लिहिलंत तरी पुरे. आराखडा देण्याआधी मी वाचून नक्की कळवते.