नाव बदलण्याआधी आठवडाभर बसने फिर

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सर्वसाधारण सभेपुढे ठराव येणार, संस्थेच्या घटनेतलं उद्दिष्टांचं कलम बदलणार, संस्थेच्या नावातून ‘सायकल’ जाऊन ‘वाहतूक’ येणार आणि जुने सभासद बिथरलेत. मीही बिथरेन असं वाटून शेवटी ‘रागावू नका’ घातलंस. रागावलो नाही. संस्थेची कक्षा सायकलपलीकडे, पायी आणि बसने जाणाऱ्यांपर्यंत वाढवावी याच मताचा मी आहे. फक्त तू दिलेली कारणं पटली नाहीत. देणग्या वाढतील, सरकारी बैठकांना बोलावणं येईल, हे खरं असेलही. पण एवढ्यावर लोक रविवारची सकाळ संस्थेला देत नाहीत.

मला माझं कारण एका बसथांब्यावर मिळालं. चार वर्षं अर्जविनंत्या करून आम्ही एका मोठ्या रस्त्यावर सायकल लेन मिळवली होती. ती सुरू झाल्यावर पंधराएक दिवसांनी मी तिथून जात होतो. पुढे बस थांबली. लेन बसचं दार आणि फुटपाथ यांच्या मधून जायची. नकाशावर ती हिरवी पट्टी फार देखणी दिसे. दारातून एक बाई उतरत होत्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला, नजर पायरीवर. त्यांचा पाय टेकला तो थेट माझ्या पुढच्या चाकासमोर. आणि मी काय केलं, तर घंटी वाजवली! त्या दचकून मागे सरल्या, मागचा माणूस त्यांच्यावर आदळला, पिशवी लेनमध्ये पडली. कोणाला लागलं नाही. पण सांडलेलं सामान गोळा करताना लक्षात आलं, की चार वर्षांच्या आमच्या बैठकांना बसने येणारं एकही माणूस नव्हतं. सगळे सायकलवर यायचे आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान!

मग आम्ही लेन थांब्याच्या मागून वळवून घेतली. प्रवाशांना उभं राहायला लेन आणि रस्ता यांच्या मधे एक बेट. प्रश्न मिटला असं समजून मी एका अंध परिचितांना कौतुकाने ते दाखवायला नेलं. माझं कोपर धरून ते कडेला उभे राहिले आणि म्हणाले, ‘मोटार ऐकू येते. तुमची सायकल येत नाही. आणि बेटावर जायचं तर मला तुमचीच लेन ओलांडायला लावलीत.’ ब्रिटनमधल्या अंधांच्या संघटना असल्या थांब्यांना विरोध करतात, तो याच मुद्द्यावर. पुढे आमच्या थांब्यावर फुटपाथच्या उंचीचं क्रॉसिंग झालं, पायाला कळतील अशा उंचवट्यांच्या फरश्या बसल्या. त्या परिचितांचं पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि मला ते चूक वाटत नाहीत.

ठरावाच्या दिवशी कोणीतरी नेदरलँड्सचं उदाहरण काढेल. ते शांतपणे ऐकून घे, कारण त्यात तथ्य आहे. तिथली ‘एएनडब्ल्यूबी’ ही १८८३ साली निघालेली सायकलस्वारांची संघटना. मोटारी आल्या, संघटनेने कक्षा वाढवली, आणि आज ती रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला येणारी म्हणून ओळखली जाते. १९७५ साली सायकलस्वारांना आपली वेगळी संघटना काढावी लागली, तीही नावात ‘अस्सल’ असा शब्द घालून. टोमणा कोणाला होता ते सांगायला नको. पण यात कोणी दगाबाजी केली नव्हती. सभासद मोटारीत बसत गेले आणि संघटना त्यांच्यामागे गेली. म्हणून मी कलमाच्या शब्दांपेक्षा सभासदांची यादी जास्त बघतो. तुमच्या यादीत रोज पायी जाणारे, बसने जाणारे, चाकाच्या खुर्चीवरून फिरणारे किती आहेत? ते नसतील तर नाव काहीही ठेवा, बोलणार सायकलवालेच, फक्त आता सगळ्यांच्या वतीने. ते जास्त वाईट.

नीट जमलेलंही आहे. शिकागोतली १९८५ची सायकल संघटना २००८मध्ये नाव बदलून चालणारे आणि बस-रेल्वेचे प्रवासी यांच्यासाठीही बोलू लागली. न्यूयॉर्कच्या संघटनेने तर १९७३ साली जन्मतःच ‘वाहतुकीचे पर्याय’ अशा अर्थाचं नाव घेतलं. (नावाची कटकट जुनीच आहे. इंग्लंडमधल्या १८७८च्या सायकल क्लबने पाच वर्षांत नाव बदललं, का तर तीनचाकी चालवणाऱ्यांना सामावून घ्यायचं होतं!)

जुन्या सभासदांशी मात्र तत्त्वाच्या भाषेत बोलू नकोस, त्यांना हिशेब दाखव. बारा मिनिटांत माणूस पायी साधारण एक किलोमीटर जातो, सायकलवर आरामात तीन. अंतर तिप्पट म्हणजे स्टेशनभोवतीचं आवाक्यातलं क्षेत्र नऊपट. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या रेल्वे स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ बांधला, तो सायकलप्रेमापोटीच नव्हे; त्यातून रेल्वेला प्रवासी मिळतात. गाडी वेळेवर असेल तर सायकल वापरली जाते आणि सायकल लावायला जागा असेल तर गाडी भरते. हे त्यांना पटेल. न पटलं तरी रविवारचं पंक्चर काढायचं शिबिर बंद करू नकोस. त्यांची भीती खरी तिथे आहे, की आपल्या हातातलं काम जाईल आणि उरतील फक्त निवेदनं.

ठरावात एक गोष्ट घालाच. सायकल लेन आणि बसथांबा, किंवा सायकल लेन आणि फुटपाथ, यांच्यात जागेची ओढाताण झाली तर संस्था कोणाची बाजू घेणार आणि ते कोण ठरवणार? आज त्यावर भांडा. रस्ता खणायला घेतल्यावर भांडायला वेळ मिळत नाही. माझं मत विचारशील तर आधी पायी चालणारा, मग बस, मग आपण. आमच्या कार्यकारिणीत यावरून दोघांनी राजीनामे दिले होते. एक जण वर्षाने परत आले, दुसरे अजून बोलत नाहीत.

आणि सभा कुठे ठेवली आहेस? पत्रात लिहिलेली वेळ रात्री नऊची आहे. तिथून शेवटची बस किती वाजता सुटते, ते एकदा बघ. शक्य तर आठवडाभर सायकल घरी ठेव आणि बसनेच फिर. त्यानंतर मसुदा पाठव, तिसऱ्या कलमावर मी लाल पेन चालवणारच आहे.

तुझा,
जुना सभासद