नवे प्लेअर पहिल्याच सेशनला "बघू" म्हणाले, रूल्स कमी करू का?

प्रश्न: दादा, मी दोन वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेक कॅरेक्टर होऊन गोष्ट खेळायची ती गेम) खेळतोय, गेल्या महिन्यात पहिल्यांदा स्वतः डीएम, म्हणजे गेम चालवणारा, झालो. चारही प्लेअर एकदम नवे. कॅरेक्टर बनवण्यातच अडीच तास गेले, एकीने विझार्ड (जादूगार) घेतला आणि ती नुसती स्पेलची, म्हणजे मंत्रांची, यादीच वाचत बसली, कसाबसा एक गॉब्लिन मारला आणि सगळे घरी. पुढच्या तारखेचं विचारलं तर दोघं म्हणाले "बघू". एक मित्र म्हणतो गेमच जड आहे, एका पानाच्या रूल्सवाली घे. खरंच रूल्स कमी केले की नवी माणसं टिकतात?

उत्तर: हे "बघू" मी पण ऐकलंय रे, त्याचा अर्थ काय असतो ते आपल्या दोघांना माहितीये.

पण तुझ्या मित्राचं मला अर्धंच पटतं. प्लेअरचं पुस्तक तीनशेच्या वर पानांचं आहे हे खरं, पण टेबलावर नव्या माणसाला त्यातलं लागतं किती? वीस बाजूंचा फासा टाक, आपल्या कॅरेक्टरच्या शीटवरचा आकडा मिळव, मी सांगतो तेवढे झाले की जमलं. बस. हे दोन मिनिटांत समजतं. तुझे लोक थकले ते रूल्समुळे नाही, खेळ काय आहे हे कळायच्या आधीच त्यांना वीस निर्णय घ्यायला लावले म्हणून.

त्या विझार्डवालीचंच घे. २०१४ च्या रूल्सनुसार पहिल्याच लेव्हलला तिने तीन कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) निवडायचे, वहीत सहा स्पेल लिहायचे, त्यातले साधारण चार आजच्यासाठी तयार ठेवायचे आणि टाकायचे मात्र दोनच, कारण स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, दोन. वर "लेव्हल" हा शब्द कॅरेक्टरलाही आणि स्पेललाही, म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा विझार्ड दुसऱ्या लेव्हलचे स्पेल टाकतो! आपल्याला सवय झालीये म्हणून हे विचित्र वाटत नाही. शेजारी फायटरवाला तलवार घेऊन मोकळा. एकच गेम, एकच टेबल, पण एकाला सोपी आणि एकीला डोक्याला ताप.

आणि रूल किती आहेत यापेक्षा ते कुठल्या दिशेने चालतात हे जास्त छळतं. याच गेमच्या १९८९ च्या एडिशनमध्ये थॅको नावाचा प्रकार होता, वार लागायला फाशावर किती पडायला हवं ते काढायचा आकडा. आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला, मग आपल्या थॅकोमधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा, तो मायनसमध्ये असला की वजा करता करता बेरीज. गणित तिसरीचं, पण उलटं, त्यामुळे लोक दर वेळी अडखळायचे. २००० मध्ये ते सरळ केलं, मोठा आकडा म्हणजे चांगला. मग २०१४ मध्ये अॅडव्हान्टेज आलं, दोन फासे टाक आणि मोठा घे, हे मी आजवर कुणाला दुसऱ्यांदा समजावलेलं नाही.

आता एका पानाच्या गेमचं. लेझर्स अँड फीलिंग्ज खरंच एका पानाची आहे, तुझा एकच आकडा, दोन ते पाचमधला, डोकं वापरायचं काम असेल तर सहा बाजूंच्या फाशावर त्याच्या खाली पडायला हवं, मन लावायचं असेल तर वर. मस्त गेम आहे, पण नवख्याला विचारलं की "तुझं यान बंद पडलंय, काय करतोस?" तर तो तुझ्या तोंडाकडे बघत बसतो. काहीही करता येतं म्हटलं की काहीच सुचत नाही. शीटवर "लपणे +५" लिहिलेलं असतं तेव्हा त्याला निदान हे तरी कळतं की इथे लपता येतं. म्हणजे रूल हा कधी कधी ओझं नसतो, कठडा असतो. शिवाय रूल कमी केले की ते काम तुझ्यावर येतं, अपोकॅलिप्स वर्ल्ड नावाच्या गेममध्ये दोन फाशांवर सात ते नऊ पडले की जमतं पण काहीतरी किंमत मोजून, आणि ती किंमत बऱ्याचदा तूच जागच्या जागी शोधायची. पहिल्यांदाच गेम चालवणाऱ्याची तिथे फे फे उडते.

मी तुझ्या जागी असतो तर गेम तीच ठेवली असती आणि तयार कॅरेक्टर वाटली असती. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा नवशिक्यांसाठीचा १९८३ चा तो लाल डबा आठव, पुस्तक उघडलं की पहिल्यांदा कॅरेक्टर बनवायचं नसायचं, तू एक फायटर आहेस म्हणून एकट्याची गोष्टच सुरू व्हायची आणि जो रूल लागेल तो तिथेच सांगायचे. तसंच कर, थेट गॉब्लिनसमोर उभं कर सगळ्यांना. विझार्डवालीला स्पेलची यादी देऊ नको, चार चिठ्ठ्या दे आणि स्लॉट म्हणून दोन बटणं, स्पेल टाकला की बटण परत. आवडलं तर तिसऱ्या-चौथ्या सेशनला ती स्वतःच पुस्तक मागेल, तेव्हा बनवू दे मनासारखं. (लांबलचक कॅरेक्टर बनवणं वाईटच असतं असंही नाही हां, १९७७ च्या ट्रॅव्हलर नावाच्या गेममध्ये बनवता बनवताच कॅरेक्टर मरू शकायचं आणि लोक त्यावर हसायचे, कारण तिथे बनवणं हाच खेळ होता. तुझ्याकडे तो फॉर्म भरणं झाला.)

आणि त्या दोघांना "कॅम्पेनला (अनेक सेशन चालणाऱ्या लांब गोष्टीला) या" म्हणू नको, दोन तासांचं एकच सेशन आहे म्हण.

प्रश्न: मधेच एखादा रूल आठवला नाही तर खेळ थांबवून पुस्तक बघायचं का? आमचा एक जुना प्लेअर प्रत्येक वेळी पान उघडून चूक दाखवतो.

उत्तर: कुणाचं कॅरेक्टर मरणार असेल तर बघ, एरवी तिथेच निर्णय दे, कोपऱ्यात लिहून ठेव आणि सेशननंतर तपास. त्या जुन्या प्लेअरला विझार्डवालीच्या शेजारी बसव आणि सांग की तिने विचारलं तरच बोलायचं. त्याची हौसही भागेल आणि तिला चालतंबोलतं पुस्तक मिळेल.