वाचकांचे प्रश्न : आल्पीन ए-११० बर्लिनेटचा जीर्णोद्धार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी जुन्या फ्रेंच स्पोर्ट्स गाड्यांविषयी, आणि त्यांतही आल्पीन ए-११० या एकाच गाडीविषयी आहेत. त्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये लिऑनजवळ राहतो. येथील एका शेतकरी कुटुंबाच्या कोठारात १९७१ ची आल्पीन ए-११० बर्लिनेट, म्हणजे बंद छताची छोटी स्पोर्ट्स गाडी, अनेक वर्षांपासून उभी आहे. विकणारे ती ‘१६०० एस’ असल्याचे सांगतात. गाडी बाहेरून फारशी खराब दिसत नाही; निळा रंग काही ठिकाणी तडकला आहे, एवढेच. ती घ्यावी का, आणि घेतल्यास कामाची सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, लिऑन

उत्तर : आपण पाहिलेली गाडी खरोखरच मोलाची असू शकते, परंतु तिचे मोल बाहेरून दिसणाऱ्या भागात नाही, हे आधी लक्षात घ्यावे. नॉर्मंडीतील दिएप या बंदराच्या गावी रेनो गाड्यांच्या विक्रीचा घरचा व्यवसाय असलेल्या झाँ रेदेले यांनी १९५५ मध्ये आल्पीन कंपनी स्थापन केली. आल्प्स पर्वतातील शर्यतींत आपल्या छोट्या रेनो ४-सीव्हीने मिळवलेल्या यशाची आठवण त्यांनी कंपनीच्या नावात ठेवली. ए-११० ही गाडी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७७ पर्यंत तयार होत होती. तिची रचना साधी आणि धाडसी आहे. मधोमध पोलादाचा एक जाड कणा, त्याला पुढेमागे जोडलेले आडवे भाग, वर काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची हलकी बॉडी आणि मागच्या चाकांच्याही मागे रेनोचे इंजिन. उंची जेमतेम एक मीटर तेरा सेंटिमीटर आणि वजन सातशे किलोच्या आसपास असलेल्या याच गाडीने १९७३ मध्ये, उत्पादकांसाठीची जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच भरली तेव्हा, ते विजेतेपद मिळवले.

या कीर्तीमुळेच पहिली अडचण उभी राहते. १६०० एस ही या मालिकेतील सर्वाधिक मागणी असलेल्या प्रकारांपैकी एक आहे आणि लहान इंजिनाच्या अनेक गाड्यांचे पुढे १६०० एस मध्ये रूपांतर करण्यात आले. अशी गाडी चालवायला वाईट असते असे मुळीच नाही, परंतु तिची किंमत मूळ १६०० एस ची नसते. त्यामुळे सौदा करण्यापूर्वी उत्पादकाच्या पट्टीवरील क्रमांक, चॅसिसवर ठोकलेला क्रमांक, इंजिन व गिअरबॉक्सवरील खुणा आणि जुनी नोंदणीपत्रे ही सर्व एकमेकांशी जुळतात का, हे आल्पीनच्या क्लबमधील जाणकारासमक्ष तपासून घ्यावे. ए-११० केवळ दिएपलाच बनली नाही. परवान्याखाली ती स्पेन, मेक्सिको आणि बल्गेरियातही बनली. त्या गाड्यांनाही त्यांचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो फ्रेंच पट्टी लावून पुसून टाकण्याचा प्रकार मला फसवणुकीइतकाच गैर वाटतो.

दुसरी आणि खरी अडचण कण्याची आहे. बॉडी गंजत नाही म्हणून या गाडीला गंजाची भीती नाही, असा समज अनेकांचा असतो आणि तोच सर्वांत महागात पडतो. बॉडी या पोलादी कण्यावर रेझिन व मॅटने, म्हणजे काचतंतूंच्या चटईसारख्या कापडाने, चिकटवलेली असते. ओल आत शिरली की ती काचतंतू आणि पोलाद यांच्या मधल्या फटीत साचून राहते, कण्याच्या पोकळ भागात दव धरते, आणि वरून काहीच कळू न देता धातू वर्षानुवर्षे खात राहते. वाड्याची तुळई वाळवीने पोखरलेली असताना भिंतींना रंग द्यावा, तसे या गाडीचे बॉडीकाम आधी करणे होय. नळीला जोडलेला छोटा कॅमेरा कण्याच्या छिद्रांतून आत घालून पाहावे. पुढचे सस्पेन्शन ज्या आडव्या भागाला धरलेले असते तो भाग, मागचे इंजिनाचे आधार आणि कण्याची दोन्ही टोके हलक्या हातोडीने ठोकून, आवाज भरीव येतो की पोकळ, हे ऐकावे. पेडलांच्या खालची आणि बॅटरीजवळची जागा विशेष काळजीने पाहावी.

गंज वरवरचा असेल तर गाडी अवश्य घ्यावी. कण्याला आरपार भोके पडली असतील तर मात्र बॉडी कण्यापासून सोडवणे अपरिहार्य आहे, कारण रेझिन ज्वलनशील असते आणि बॉडी जागेवर असताना त्याच्या आत वेल्डिंग करणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे आहे. बॉडी सोडवणे हे या साऱ्या कामातील सर्वांत नाजूक पाऊल आहे. कणा निघताच ते कवच आपला ताठपणा गमावते, हलके वाकते आणि नंतर दरवाजे बसेनासे होतात. म्हणून आधी चाकांच्या मध्यापासून, दरवाजांच्या फटींपासून आणि काचेच्या चौकटीपासून सर्व मापे घेऊन लिहून ठेवावीत, छायाचित्रे काढावीत, दरवाजे लावलेल्या स्थितीतच कवचाला आतून आडव्यातिडव्या नळ्यांचा आधार द्यावा आणि मगच चिकटवलेले सांधे थोडे थोडे कापावेत. संपूर्ण नवा कणा आज तयार करून मिळतो, परंतु माझे मत असे, की मुख्य नळी धड असेल तर केवळ खराब भाग जिगवर, म्हणजे मापे अचूक धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, बसवून बदलावा. पूर्ण कणा बदललाच तर क्रमांक असलेला जुना तुकडा जपून ठेवावा आणि कागदपत्रांत तसे स्पष्ट नमूद करावे.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचा मासेमारीच्या फायबर होड्या बांधण्याचा व्यवसाय आहे. फ्रान्समध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याने अशीच एक आल्पीन घेतली असून बॉडीच्या दुरुस्तीबाबत तो माझा सल्ला विचारतो. आमच्याकडचा अनुभव तेथे उपयोगी पडेल का? इपॉक्सी रेझिन अधिक मजबूत असते, तर ते का वापरू नये?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपला अनुभव नक्कीच उपयोगी पडेल, कारण गाड्यांच्या गॅरेजमधील बहुतेकांना पत्रा ठोकता येतो, परंतु मॅट आणि रेझिनची समज त्यांना नसते. तरीही होडी आणि ही गाडी यांत एक मोठा फरक आहे. होडीचे कवच जाड असते आणि एखादा थर अधिक पडला तर चालून जाते. आल्पीनचे कवच मुद्दाम पातळ ठेवलेले आहे. दुरुस्तीच्या नावाखाली आतून थरावर थर दिले, की गाडीचे वजन वाढते आणि दुसरे म्हणजे कवच एका जागी ताठ व शेजारी लवचीक होऊन त्या सीमेवर नव्याने तडा जातो.

इपॉक्सीबाबत : इपॉक्सी पॉलिएस्टरला उत्तम चिकटते, परंतु वाळलेल्या इपॉक्सीला पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. म्हणजे आज एक जागा इपॉक्सीने भरली, तर वीस वर्षांनी तेथे काम करणाऱ्या माणसाचा मार्ग आपण बंद करून ठेवतो, आणि त्या माणसाला आपण काय वापरले हे ठाऊकही नसते. मूळ बॉडी पॉलिएस्टरची आहे. ती पॉलिएस्टर आणि चॉप मॅटनेच दुरुस्त करावी.

पुतण्याला सर्वांत आधी सांगावे, की जुना रंग काढण्यासाठी रसायन वापरू नये आणि वाळूचा माराही करू नये. रसायन रेझिनमध्ये मुरते व पुढे नव्या रंगाला फोड आणते, तर वाळू जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर, उडवून काचतंतू उघडे पाडते. पातळ पात्याने आणि पॉलिश पेपरने, हातानेच, थरामागून थर उतरवावा. हे कंटाळवाणे काम आहे, परंतु रंग उतरत असताना गाडीचा सारा इतिहास समोर येतो. पूर्वीच्या धडका, मूळ रंग, शर्यतीच्या क्रमांकांची गोलाकार छाप आणि चाकांच्या कमानी मागाहून रुंद केल्या असतील तर तेही दिसते. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र काढावे.

मग तडे पाहावेत. केवळ जेलकोटमध्ये पसरलेली बारीक जाळी वेगळी आणि बिजागऱ्या, कुलपे, मागच्या झाकणाचे कोपरे येथे ताणामुळे गेलेला खोल तडा वेगळा. खोल तड्यात लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला तर तो काही महिन्यांत पुन्हा उमटतो. तेथे दोन्ही बाजूंनी सामग्री घासून उतार द्यावा लागतो. एक मिलिमीटर जाडीला सुमारे बारा मिलिमीटर उतार हे प्रमाण आपणास होड्यांवरून परिचित असेलच. शक्य तेथे आतील बाजूनेही मॅट द्यावी आणि तडा ज्या ताणामुळे पडला तो ताण, म्हणजे वाकलेली बिजागरी किंवा खाली बसलेला कणा, आधी दूर करावा. कवच पूर्ण कोरडे होईपर्यंत मॅट लावू नये, हे कोकणातील माणसाला निराळे सांगायला नको. नवे रेझिन सावकाश आणि पूर्ण पिकू द्यावे, सौम्य ऊब द्यावी आणि मगच प्रायमर मारावा. घाई केली तर उन्हाळ्यात रंगाखालून मॅटची वीण वर उमटते. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे चांगला मुखवटा वापरण्यात हयगय करू नये.

प्रश्न : १६०० एस चे इंजिन अनेक वर्षे बंद आहे. बॅटरी जोडून एकदा सुरू करून पाहावे का?
— एक वाचक, स्ट्रासबूर

उत्तर : कृपया करू नये. हे १५६५ सीसीचे, रेनो १६ वरून घेतलेले, ॲल्युमिनियम ब्लॉकचे आणि पाण्यात बसणाऱ्या सुट्या लायनरचे, म्हणजे पिस्टन ज्यांत सरकतात त्या नळ्यांचे, इंजिन आहे. वर्षानुवर्षे कूलंट बदलले नसेल तर ॲल्युमिनियम कुरतडले गेलेले असते आणि लायनरच्या तळाचे सील कडक झालेले असतात. प्रथम प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि पाना लावून हातानेच इंजिन फिरवून पाहावे. तेलात पाणी दिसले तर फिरवणे तेथेच थांबवावे. हेड उतरवल्यानंतर लायनर पट्ट्यांनी दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नये, कारण लायनर जागचे हलताच खालचे सील सुटते आणि पुढे पाणी तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. जुळणी करताना प्रत्येक लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर राहतो, हे डायल गेजने मोजावे आणि कारखान्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे.

एक गोष्ट अधिक निकडीची आहे. या गाडीत दोन वेबर ४५ कार्ब्युरेटर, गरम एक्झॉस्ट आणि पेटणारी बॉडी ही तिन्ही एकाच छोट्या जागेत आहेत. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या कितीही चांगल्या दिसल्या तरी त्या सर्व बदलाव्यात आणि इथेनॉल सहन करणाऱ्या घ्याव्यात. फ्रान्समध्ये मिळणाऱ्या ई-१० पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याऐवजी ९८ ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे. गाडीत हाताशी अग्निशामक नळकांडे असल्याखेरीज पहिली चाचणीही घेऊ नये.

प्रश्न : इटली व स्वित्झर्लंड यांच्यामधील माज्जोरे सरोवरातून काढलेली एक गंजलेली बुगाती लाखो युरोंना विकली गेली, असे वाचनात आले. जी गाडी चालतच नाही तिला एवढी किंमत का? आणि मग आपण गाड्या दुरुस्त तरी का कराव्यात?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती १९२५ ची बुगाती टाइप २२ ब्रेशिया होती. स्वित्झर्लंडमधील आस्कोना येथे १९३० च्या दशकात ती पाण्यात बुडवली गेली, २००९ मध्ये बाहेर काढण्यात आली आणि २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे दोन लाख साठ हजार युरोंना विकली गेली. घेणाऱ्या अमेरिकी संग्राहकाने ती दुरुस्त न करता, पाण्याने खाल्लेल्या स्थितीतच आपल्या संग्रहालयात मांडली. मला तो निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. त्या गाडीला चालवण्यायोग्य करायचे म्हटले असते तर तिचा बहुतेक सर्व भाग नव्याने करावा लागला असता, आणि मग सरोवरातील गाडी राहिलीच नसती.

याउलट उदाहरणही बुगातीचेच आहे. टाइप ५७ एससी अटलांटिक या प्रकारच्या मोजक्या गाड्यांपैकी एक १९५५ मध्ये फ्रान्समधील जिएन गावाजवळ रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडली आणि आतील दोघेही दगावले. भंगारात गेलेले तिचे अवशेष पुढे एका शौकिनाने विकत घेऊन ती उभी केली आणि या शतकात अमेरिकेत तिचे पुन्हा एकदा अत्यंत बारकाईने काम झाले. या दोन टोकांमध्ये निर्णय कसा घ्यावा, यासाठी जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्यूरिन सनद स्वीकारली आहे. तिचा आशय असा, की जतन शक्य असेल तेथे बदल करू नये, जो बदल कराल तो शक्यतो मागे घेता येण्याजोगा असावा, आणि नवे भाग ओळखू यावेत अशी नोंद ठेवावी. लिऑनच्या वाचकांच्या आल्पीनला हेच लागू आहे. झिजलेली आसने, ओरखडलेला डॅशबोर्ड, जुन्या काचा हे सारे स्वच्छ करून तसेच ठेवावे. कणा, ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची व्यवस्था यांत मात्र जुनेपणाचे कौतुक करू नये.

प्रश्न : आमची गाडी मुळात पिवळी होती, असे रंग खरवडताना दिसले. सर्व जण निळाच रंग सुचवतात. काय करावे? नोंदणीसाठी काय लागते?
— एक वाचक, नाँत

उत्तर : पिवळाच द्यावा. रॅलीतील विजयांमुळे निळा रंग लोकप्रिय झाला आणि कित्येक पिवळ्या, लाल, पांढऱ्या गाड्या त्याखाली झाकल्या गेल्या. मूळ रंगातील प्रत्येक गाडी त्यामुळे अधिक महत्त्वाची ठरते. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा डॅशबोर्डमागे मूळ रंगाचा न विटलेला तुकडा मिळेल, त्यावरून छटा जुळवून घ्यावी आणि तेवढा तुकडा न रंगवता ठेवावा.

नोंदणीसाठी, फ्रान्समध्ये तीस वर्षांहून जुन्या वाहनाला तेथील जुन्या वाहनांच्या महासंघाच्या, म्हणजे ‘एफएफव्हीई’च्या, प्रमाणपत्राच्या आधारे संग्रहातील वाहनाची कार्त ग्रीझ, म्हणजे नोंदणीपत्र, मिळते. ती मिळाल्यानंतर तांत्रिक तपासणी दर पाच वर्षांनी करावी लागते. अर्जासोबत गाडीची छायाचित्रे द्यावी लागतात. ती कामाच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही जपून ठेवावीत.