ख्रिस्ती दृष्टीने व्यसनाचं मूळ कशात आहे? ते नुसतं पाप आहे का?

नुसतं पाप म्हणून सोडून देऊ नका. बाटली हे मूळ नाही, आतली तहान हे मूळ आहे. बायबलमधल्या यिर्मया 2:13 मध्ये लोक जिवंत पाण्याचा झरा, म्हणजे देवाला, सोडून फुटके हौद खोदतात, ज्यांत पाणी टिकतच नाही. रिकामा ग्लास पुन्हा भरणारा हात हेच करत असतो. तहानेमागे जुनी जखम असते, एकटेपणा असतो आणि, मला सर्वांत खोल वाटते ती, लाज. पहिला माणूस आदाम पाप केल्यावर देवापासून झाडांआड लपला. व्यसनी माणूस घरच्यांपासून लपतो, आणि ती लाज विसरायला पुन्हा पितो. शरीरालाही सवय जडलेली असते, म्हणून प्रार्थनेसोबत डॉक्टर हवेतच. याकोब 5:16 एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. लपणं तिथून सुटायला लागतं.