काळजी करणे, काळजी वाटणे आणि चिंताविकार

मानसिक आरोग्याविषयीचे एक माहितीपत्रक मराठीत उतरवणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : ‘चिंता आणि काळजी हे शब्द समानार्थी असतील, तर एन्झायटी डिसॉर्डरला “काळजीचा आजार” असे सोपे नाव का देऊ नये? आणि तसे नाव चालणार नसेल, तर “चिंताविकृती” लिहावे की “चिंताविकार”?’

आधी दोन्ही शब्दांची घराणी पाहू. चिंता हा तत्सम शब्द आहे. संस्कृतातील ‘चिन्त्’ या धातूचा अर्थ विचार करणे असा असून चिंतन हे त्याच धातूचे रूप आहे. समर्थ रामदासांच्या बालपणीच्या आख्यायिकेत लपून बसलेला नारायण आईला ‘चिंता करितो विश्वाची’ असे उत्तर देतो, तेव्हा चिंतन आणि चिंता हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात एकत्र नांदतात. काळजी या शब्दाचे नाते मात्र काळजाशी आहे. एक शब्द विचारातून आला, दुसरा शरीरातून. इंग्रजीची वाट वेगळी आहे, कारण तेथे ‘वरी’ हा शब्द गळा आवळण्याच्या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून आला आणि ‘एन्झायटी’चे मूळही लॅटिनमधील आवळण्याच्याच अर्थाच्या धातूत सापडते. या आजारात विचारांचा ससेमिरा आणि छातीतली धडधड ही दोन्ही असतात, त्यामुळे मला आपली ही जोडी अधिक बोलकी वाटते.

तरीही ‘काळजीचा आजार’ हे नाव मी सुचवणार नाही. काळजी हा शब्द मराठीत क्रियापदागणिक अर्थ बदलतो. डॉक्टर ‘काळजी घ्या’ आणि ‘काळजी करू नका’ ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणतात आणि आपल्याला त्यांत विसंगती जाणवत नाही. काळजी घेणे म्हणजे जपणे. ‘चिंता घेणे’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘टेन्शन घेणे’ मात्र सगळेच म्हणतात, पण त्यात जपण्याचा भाव मुळीच नसतो. आईने लेकराची, परिचारिकेने रुग्णाची घ्यायची ती काळजी ज्या शब्दात आहे, तो शब्द आजाराच्या नावात अडकवू नये.

रोजची काळजी आणि हा आजार यांतला भेद मात्र आपल्या बोलण्यात फार नेमकेपणाने सापडतो. रात्रीच्या एसटीने येणाऱ्या मुलीचा फोन लागत नाही, जीव टांगणीला लागतो. दार वाजते आणि काळजी मिटते. मिटणे हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. रोजच्या काळजीला कारण असते आणि कारण सरले की ती बहुधा मिटते. आजारात एक काळजी मिटते न मिटते तोच दुसरी तिच्या जागी येऊन बसते : मुलगी घरी पोहोचली, पण तिला ताप तर नसेल, ताप आला तर तिची परीक्षा बुडेल. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने ही साखळी जवळून पाहिली असावी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात सर्वसाधारण चिंताविकाराचे (जनरलाइज्ड एन्झायटी डिसॉर्डर, जीएडी) निदान करताना अनेक गोष्टींविषयीची, आवरण्यास कठीण अशी अवाजवी काळजी किमान 6 महिने, बहुतेक दिवस असावी लागते. शिवाय अस्वस्थता, थकवा, मन एकाग्र न होणे, चिडचिड, स्नायूंतला ताण आणि झोपेची तक्रार या 6 लक्षणांपैकी प्रौढांमध्ये किमान 3 असावी लागतात आणि त्या साऱ्याने कामात, नात्यांत अडथळा यावा लागतो किंवा माणूस फार त्रासलेला असावा लागतो.

या निकषांतला ‘आवरण्यास कठीण’ हा भाग आपल्या व्याकरणाला थेट भिडतो. ‘मी काळजी करते’ या वाक्यात मी कर्ता आहे, म्हणजे मनात आणले तर न करणेही माझ्या हाती आहे. ‘मला काळजी वाटते’ या वाक्यात काळजी येते आणि मी ती सोसते. ‘उगाच काळजी करू नकोस’ हा प्रेमाने दिलेला सल्ला आजारी माणसाला बोचतो, कारण जे त्याच्यावर येऊन आदळते त्याचा कर्ता आपण त्यालाच ठरवतो. कळते पण वळत नाही, हे त्याचे दुःख असते.

चिंताविकारांच्या ज्या प्रकारात अचानक झटके येतात, त्यातल्या झटक्याला (इंग्रजीत ‘पॅनिक अटॅक’) ‘तीव्र भीतीचा झटका’ म्हणावे. त्यात भीती काही मिनिटांत टोकाला पोहोचते, छाती धडधडते, श्वास कोंडतो, आणि अनेकांना तो हृदयविकाराचा झटकाच वाटतो.

‘विकृती’ आणि ‘विकार’ यांबाबत माझे मत ठाम आहे. कोशात दोन्ही शब्द जवळचे असले, तरी ‘विकृत’ म्हटल्यावर आज वाचकाच्या डोळ्यांपुढे गुन्हेगार उभा राहतो. हृदयविकार, त्वचाविकार या शब्दांत रुग्णावर ठपका नाही, म्हणून ‘चिंताविकार’ लिहावे. रुग्णाला ‘चिंताग्रस्त’ही म्हणू नये, कारण कर्जाच्या हप्त्याने काळजीत पडलेला निरोगी माणूसही चिंताग्रस्त असतो. चितेत आणि चिंतेत केवळ एका बिंदूचा फरक सांगणारे सुभाषित माहितीपत्रकात तर मुळीच नको. समुपदेशनाने आणि औषधांनी हा विकार आटोक्यात येऊ शकतो, मग आधीच घाबरलेल्या माणसाला चिता कशाला दाखवायची?

प्रश्नकर्त्या भगिनी, चिंताविकाराची लक्षणे तपासणाऱ्या चाचणीतल्या प्रश्नांचा अनुवादही आपणच करणार आहात, म्हणून एक सूचना. 2006 पासून वापरात असलेल्या जीएडी-7 या 7 प्रश्नांच्या चाचणीत मागील 2 आठवड्यांविषयी विचारले जाते. तिचा दुसरा प्रश्न ‘तुम्ही चिंता करणे थांबवू शकत नाही का?’ असा उतरवू नका, त्यात पुन्हा रुग्णच कर्ता होतो. ‘मागील 2 आठवड्यांत काळजी थांबत नाही, आवरत नाही, असे किती दिवस घडले?’ असे विचारा.