थेस्सलोनिकीतल्या ज्यूंच्या खुणा कुठे गेल्या?

तुमचा प्रश्न असा, की ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीत (जुनं नाव सलोनिका) एकेकाळी ज्यूंची वस्ती सर्वांत मोठी होती असं वाचलं, मग दोन दिवस फिरूनही तसं काही का दिसलं नाही? थोडं आगीत गेलं. उरलेलं माणसांनी उखडलं.

१४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंना ऑटोमन सुलतान दुसरा बायझिद याने थारा दिला आणि त्यातले हजारो इथे स्थिरावले. पुढची चार शतकं घरात, बाजारात, धक्क्यावर त्यांची लादिनो चालायची, म्हणजे स्पेनहून सोबत आणलेली बोली. ज्यू म्हटलं की आपल्याला सावकार नाहीतर व्यापारी आठवतो. इथे मात्र हमाल, कोळी, तंबाखू कामगारही ज्यू होते आणि १९०९ मध्ये त्यांच्यातल्याच आव्राम बेनारोया यांच्या पुढाकाराने कामगारांची समाजवादी संघटना उभी राहिली. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राईल, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' झाले. इथे शनिवारी अख्खं बंदर बंद असायचं!

१९१२ मध्ये शहर ग्रीसकडे गेलं. १९१३ च्या गणतीत सुमारे १,५८,००० लोकांपैकी ६१,००० ज्यू होते. ऑगस्ट १९१७ च्या आगीत जुनं शहर भस्म झालं. सत्तर हजारांवर लोक बेघर झाले, त्यातले बहुतेक ज्यू. बरीचशी सिनेगॉगही (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जळाली. नव्या आराखड्यात मध्यवस्तीतली जागा गरिबांच्या आवाक्याबाहेर गेली. १९२४ मध्ये रविवारची सुट्टी सक्तीची झाली, म्हणजे शनिवार पाळणाऱ्याचे आठवड्याचे दोन दिवस बुडायला लागले. अनेकांनी तेव्हाच फ्रान्सची नाहीतर पॅलेस्टाइनची वाट धरली.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन आले. मार्च ते ऑगस्ट १९४३ मध्ये सुमारे ४६,००० माणसं आगगाडीने पोलंडला, बहुतेक आउश्विट्झच्या मृत्यूछावणीत नेली. परत आले ते दोन हजारही नव्हते.

दफनभूमीबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण तुम्ही तिच्यावरूनच चालत गेला असाल. शहराच्या पूर्वेला तटाबाहेर तीन लाखांहून जास्त थडगी होती, काही पंधराव्या शतकातली. ही जागा विद्यापीठाला आणि नगरपालिकेला युद्धाच्या आधीपासून हवी होती. जुलै १९४२ मध्ये जर्मनांनी ज्यू पुरुषांना वेठबिगारीला जुंपलं. त्यांच्या सुटकेसाठी ज्यू समाजाने खंडणी कबूल केली, त्या सौद्यात दफनभूमीही गेली. डिसेंबरमध्ये नगरपालिकेने मजूर लावून ती उखडली. हुकूम जर्मनांचा खरा, पण लाभ शहराने घेतला, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. हिब्रू अक्षरं कोरलेले ते संगमरवरी दगड फरसबंदीत, भिंतींत, अगदी चर्चच्या दुरुस्तीतही वापरले गेले. आज तिथे ॲरिस्टॉटल विद्यापीठ आहे. आवारात स्मारक उभं राहायला २०१४ साल उजाडलं.

पुन्हा गेलात तर अर्धा दिवस विद्यापीठाच्या आवाराला द्या. आयिऊ मिना रस्त्यावरच्या ज्यू संग्रहालयात त्या दफनभूमीतले काही दगड जपलेत, ते आधी पाहा. १९२७ चं मोनास्तिर सिनेगॉग रेड क्रॉसच्या ताब्यात होतं म्हणून युद्धात वाचलं, तिथेही जा. आगीनंतर बांधलेला मोदियानो बाजार तर तुम्ही पाहिलाही असेल. त्याचा वास्तुरचनाकार एली मोदियानो इथलाच ज्यू.