आधी अपील, मग उद्देशिका

गोव्यातील डिचोलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आहे. वडिलांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या भाटात (माडांच्या बागायतीत) घर बांधले, माडांची राखण केली. मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा) म्हणून नोंद व्हावी यासाठी केलेला अर्ज मामलेदारांनी फेटाळला. कारण, वडील 'पगारी राखणदार' होते. आता भाट विकले गेले आहे आणि नवा मालक घर खाली करा म्हणतो. संविधानाची उद्देशिका सामाजिक व आर्थिक न्याय सांगते, मग थेट पर्वरीला उच्च न्यायालयात जाता येईल का, असे त्या विचारतात. अशी पत्रे पेडण्यातून, फोंड्यातूनही येतात.

ताई, तुमच्या पत्रात उद्देशिकेवर दोन पाने आहेत आणि खरी गोष्ट शेवटच्या ओळीत: निकालाची प्रत मागच्या पावसाळ्यापासून कपाटात पडून आहे. अपील केलेलेच नाही! प्रकरण इथे अडले आहे. उच्च न्यायालयात थेट रिट याचिका घेऊन गेलात तर पहिला प्रश्न येईल, उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलाची वाट मोकळी असताना इकडे का आलात? त्याला तुमच्याकडे उत्तर नाही.

उद्देशिका संविधानाचाच भाग आहे, हे केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली ठरले. राज्याने धोरण ठरवताना पाळायची मार्गदर्शक तत्त्वे मात्र न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत, असे अनुच्छेद ३७ स्पष्ट सांगतो. राज्यकारभारात ती मूलभूत आहेत, हेही तोच सांगतो. म्हणून उद्देशिका तुम्हाला आपोआप घर देणार नाही. कायद्यातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर कोणता घ्यायचा, एवढे ती सांगते. आणि तुमच्या प्रकरणात तसा शब्द आहे.

१९७५ च्या मुंडकार कायद्याच्या व्याख्येत भाटकाराची सेवा करण्याचे बंधन असलेला आणि नसलेला, दोघेही मुंडकार ठरतात. वगळला आहे तो मालकाच्या राहत्या घराच्या आवारात किंवा त्याच्या एखाद्या भागात राहणारा, पगार घेणारा चौकीदार. वडिलांनी घर स्वतः बांधले असेल आणि राखणीबद्दल नारळच मिळत असतील, तर त्यांना त्या अपवादात ढकलणे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. बेघर होण्यापासून वाचवण्यासाठीच हा कायदा आला. अपवादाचा अर्थ संकुचितच लावायला हवा, आणि हे मांडताना उद्देशिका व अनुच्छेद ३८ (सामाजिक-आर्थिक न्यायाचे मार्गदर्शक तत्त्व) जरूर पुढे करा. निकालपत्र मी वाचलेले नाही. पगाराच्या पावत्या पुराव्यात आल्या असतील तर काम कठीण आहे.

पण अपिलाला उशीर झाला आहे, म्हणून हे ऐकून घेण्याआधी विलंब माफ व्हावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात म्हटले की उशिरा अपील करून पक्षकाराचा सहसा फायदा होत नसतो, म्हणून विलंबाकडे उदारपणे पाहावे. निष्काळजीपणालाही हे औदार्य मिळेल असे समजू नका. आजारपण, वडिलांचे निधन, वकिलाने न कळवणे, जे खरे असेल ते कागदांसह लिहा. 'कायदा माहीत नव्हता' एवढेच लिहाल, तर अर्ज बहुधा फेटाळला जाईल.

मामलेदार कचेरीत आणि अपिलात किती वर्षे जातात ते मी पाहतो, चीड येते. त्यात आपली दिरंगाई कशाला घालायची? याच आठवड्यात प्रमाणित प्रत काढा; अपील, विलंब माफीचा अर्ज आणि स्थगितीचा अर्ज एकत्र दाखल करा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, जुनी मतदार यादी, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) सोबत जोडा. भाट विकले म्हणून मुंडकाराचा हक्क विकला जात नाही. नवा मालक पैसे पुढे करून कसल्याही कागदावर सही मागेल, ती देऊ नका.